छपराचा अंदाज छपरावर चढूनच

पत्र: नमस्कार. आमचं घर गुहागर तालुक्यात आहे, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, तीस बाय चोवीसचं घर आणि पुढे सहा फुटांची पडवी. मी डोंबिवलीला असते, भाऊ पुण्याला. घरी आई आणि आत्या. यंदा गणपतीत मखराच्या शेजारी बादली ठेवून आरत्या म्हटल्या. माजघर आणि देवघरावरचे सात-आठ वासे वाळवीनं पोखरलेत आणि मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, मधे दबलंय. तिघांकडून भाव घेतले. पहिला म्हणतो, सगळं काढून रंगीत पत्रा घाला, चौरस फुटाला 240 रुपये, म्हणजे 2 लाख 16 हजार. दुसरा सुतार म्हणतो, निम्मे वासे बदलू, वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रीपा, सगळ्या नव्या, कौलं परतून देतो, मजुरी ठोक 1 लाख 85 हजार, लाकूड तुमचं. तिसरा लोखंडी सांगाडा करून त्यावर सगळी नवी कौलं घालणार, ठोक 3 लाख 75 हजार. माझ्याकडे चार लाख आहेत, त्यापुढे कर्जच. भाऊ म्हणतो, माकडं कौलं फोडतात, पत्राच बरा. आई म्हणते, पत्र्याखाली जीव शिजतो. खरा खर्च किती धरायचा? आणि तिघांतला कोणाचा आकडा खरा?
— एक वाचक

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातल्या त्या बादलीपाशी मी बराच वेळ थांबलो. गणपतीत बादली ठेवावी लागली म्हणजे वासे त्याआधी दोन-तीन पावसाळे तरी भिजत असणार. तेव्हा काम यंदाच करायला हवं, हे पहिल्यांदा सांगून ठेवतो.

कोणाचा आकडा खरा, असं विचारलंत. तिघंही खोटं बोलत नाहीयेत. तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे भाव सांगितलेत आणि तुम्ही ते एका रांगेत मांडून कमी-जास्त ठरवताय. पस्तीस वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यात घरांची अंदाजपत्रकं केली. छपराच्या कामात घरमालक फसतो तो बहुतेक वेळा इथेच. तिन्ही भाव एकाच यादीवर उतरवा, मग बघा ते किती जवळ येतात. चला, ती यादी आपण इथेच करू.

आधी माप. पहिल्या माणसानं 240 ला 900 नं गुणलंय. 900 म्हणजे तुमच्या जमिनीचं क्षेत्रफळ: घराचे 720 आणि पडवीचे 180. पण पत्रा जमिनीवर अंथरायचा नाहीये. छपराला उतार आहे, वळचण भिंतीच्या बाहेर दोन फूट येते, दोन्ही बाजूंना त्रिकोणी भिंतींच्या बाहेरही दीड-दीड फूट सोडलेलं असतं. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा कोणाला तरी शिडीवर चढवा आणि आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यापासून, वळचणीच्या टोकापर्यंत, वाशाच्या अंगानं टेप धरा. तुम्ही दिलेल्या मापांवरून आणि आपल्याकडच्या नेहमीच्या उतारावरून माझा हिशेब असा: मागचं पाखं साधारण 16 फूट भरेल, पुढचं पडवीसकट 23 फूट. लांबी दोन्हीकडची बाहेर आलेली धरून 33 फूट. म्हणजे 528 आणि 759, मिळून 1287 चौरस फूट. शंभर चौरस फुटांचा एक ब्रास, म्हणजे जवळपास तेरा ब्रास.

आता 240 ला 1287 नं गुणा. 3 लाख 8 हजार 880 होतात. त्या माणसानं तुम्हाला 2 लाख 16 हजार सांगितले, पण काम झाल्यावर तो टेप घेऊन छपरावर चढेल आणि बिल छपराच्या मापाचं करेल. त्यात बेकायदा काहीच नसेल, कारण दर तोच राहील. ब्याण्णव हजारांचा फरक तेव्हा तुमच्या अंगावर येईल, तोही जुनं छप्पर उतरलेलं असताना. म्हणून कोणीही चौरस फुटाचा दर सांगितला की पहिला प्रश्न एकच: माप जमिनीचं की पाख्याचं? आणि उत्तर कागदावर लिहून घ्यायचं.

दुसरा सुतार मला तिघांत जास्त सरळ वाटला, कारण त्यानं "लाकूड तुमचं" हे तोंडावर सांगितलं. फक्त ते लाकूड केवढ्याला पडेल, हे तुम्हीही विचारलं नाहीत आणि त्यानंही सांगितलं नाही. ते आपण काढू. दोन फुटांवर एक वासा धरला तर तेहतीस फुटांत एका पाख्याला सतरा वासे, दोन्ही मिळून चौतीस. त्यातले निम्मे बदलायचे म्हणजे सुमारे 330 रनिंग फूट वासा. चार इंच बाय अडीच इंचाचा घेतलात तर 23 घनफूट लाकूड. रीपांचं गणित याहून सोपं आहे आणि ते पाठच करून ठेवा. मंगळुरी कौलाला फुटाभराच्या अंतरावर एक रीप लागते, म्हणून जितके चौरस फूट छप्पर, तितकेच रनिंग फूट रीपा. तुमच्याकडे 1287 फूट. दोन बाय एकची रीप धरली तर 18 घनफूट. दोन्ही मिळून 41, कापाकापीत दहावा हिस्सा जातो, तेव्हा 45 घनफूट धरा.

दर मी सांगणार नाही. लाकडाचा दर वखारीगणिक, जातीगणिक आणि महिन्यागणिक बदलतो. तुम्ही चिपळूण-गुहागर भागातल्या दोन वखारींना ऐन आणि किंजळ या लाकडांचे दर विचारा, आणि कापून, रंधून, गाडीत भरून काय पडेल ते विचारा. खाली समजण्यासाठी मी घनफुटाला 1,500 रुपये धरतोय. तुमच्या दरानं तो आकडा बदलून घ्या.

घरच्या आवारातला फणस तोडून वासे काढू, असं कोणीतरी नक्की सुचवेल. दोन कारणांसाठी यंदा नको. एक तर झाडतोड नियमनाचा 1964 चा कायदा आहे आणि आपल्याकडची फणस, आंबा, ऐन, किंजळ ही झाडं त्याच्या यादीत येतात. झाड आपल्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागते. दुसरं म्हणजे ओलं लाकूड. आज पाडलेल्या झाडाचा वासा जानेवारीत चढवलात तर तो मे महिन्यात वाळून पिळ खातो, रीपा वर-खाली होतात आणि कौलांची खाच सुटते. पहिल्या पावसात पाणी तिथूनच आत येतं. माझ्या बघण्यात असं कितीतरी वेळा झालंय, आणि दोष मात्र दर वेळी कौलांना मिळतो.

आता कौलं. ब्रासला दीडशे धरा, तुटफूट त्यात आली. तेरा ब्रासला 1950. एक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे तुमच्या भिंतींवर आत्ता जवळजवळ पाच टन वजन आहे, आणि पावसात कौल पाणी पितं तेव्हा त्याहून जास्त. पत्रा त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा भरतो. हे दोन कारणांसाठी सांगतोय. "आत्ता पत्र्यासाठी हलका सांगाडा करू, पुढे पैसे आले की त्यावर कौलं घालू" असं कोणी म्हणालं तर ते ऐकू नका, तो सांगाडा पाच टन पेलणार नाही. आणि पत्रा हलका म्हणूनच वाऱ्याला सोपा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत किती पत्रे कुठल्या कुठे नेले, ते तुम्ही पाहिलं असेल. कौलं तेव्हाही उडाली, पण कौल गेलं तर शंभर-दोनशे नगांचं नुकसान होतं. पत्र्याचा तुकडा सुटला तर तो शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो.

तुमची जुनी कौलं टाकून देऊ नका. आत्याला किंवा शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाला सांगा, कौलं उतरवताना एकेक कौल हातात धरून बोटाच्या पेरानं ठोकायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं, तडकलेलं भद्द वाजतं. वरचं शेवाळ बघून कौल बाद करायचं नाही. तारेच्या ब्रशनं घासलं की ते निघतं. नाक तुटलेलं कौल मात्र बाजूला काढायचं, ते रीपेवर धरून राहत नाही. मग कौल उलटं करून पाठीवरचा छाप बघायचा. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेनं 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि त्यानंतर त्या किनाऱ्यावर कित्येक कारखाने निघाले. प्रत्येकाच्या साच्यात सूतभर फरक असतो. दोन छापांची कौलं एकाच ओळीत घातली की खाच खाचेत बसत नाही आणि वाऱ्याबरोबर पाऊस आत ढकलला जातो. म्हणून एका छापाची कौलं एका पाख्यावर. तुमच्याकडे हजारेक धड निघतील असं धरू. त्यातली आठशे मागच्या पाख्यावर बसतील, पुढचं पाखं सगळं नवं. उरलेली जुनी घराच्या मागे उभी रचून ठेवा. माकडांनी फोडलेल्या जागी पुढची पाच-सात वर्षं तीच लागतील. नवी लागतील साडेअकराशे, आणि आढ्यासाठी तीसेक कोने.

तिसऱ्या माणसानं कौलाचा दर नगाला 36 आणि कोन्याचा 80 सांगितल्याचं तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर लिहिलंय. तेच दर धरतो. कौलं 41,400, कोने 2,400.

आता तिघांनीही न धरलेल्या गोष्टी. यांच्यासाठीच हे उत्तर एवढं लांबलंय.

पन्हळ. तुमच्या छपराचा आडवा पसारा 1100 चौरस फुटांच्या वर आहे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर तेवढ्या पसाऱ्यावर तीन लाख लिटर पाणी पडतं. ते सगळं दोन पागोळ्यांच्या रेघेत, जोत्यापासून दोन फुटांवर आपटतं, उडतं आणि चिऱ्याच्या भिंतीचा पाया ओला करतं. त्या ओलीतूनच वाळवी वर चढते. वासे नवे घातले आणि भिंतीचा पाया तसाच भिजत राहिला तर वाळवी नव्या वाशालाही सोडणार नाही. दोन्ही वळचणींना 66 फूट पन्हळ आणि खाली उतरणारे पाइप घालायलाच हवेत. फुटाला 350 धरले तर 23,100. समुद्राजवळ पत्र्याची पन्हळ लवकर गंजते, पीव्हीसीची घ्या.

भिंतीचा माथा. कौलं आणि वासे उतरले की चिऱ्यांची वरची ओळ उघडी पडते आणि बहुतेक घरांत ती मोकळी झालेली निघते. मातीतलं जुनं बांधकाम असेल तर नक्कीच. ती ओळ काढून सिमेंटात पुन्हा बसवणं, वाशांची बैठक सारखी करणं, कोपरे बुजवणं यासाठी 15,000 बाजूला ठेवा.

वाळवीचं औषध 8,000. जुन्या वाशांवरच्या मातीच्या नळ्या खरवडून काढायच्या, जे राहतील ते वासे तासून औषध पाजायचं, आणि भिंतीत जाणाऱ्या वाशाच्या टोकांना दोनदा. आपल्याकडे पूर्वी त्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचे. आजही मिळालं तर लावा, फक्त हातमोजे घालून, ते कातडी भाजतं.

तर दुसऱ्या सुताराचं काम पूर्ण यादीवर असं उतरतं: मजुरी 1,85,000, लाकूड 67,500, कौलं आणि कोने 43,800, पन्हळ 23,100, भिंतीचा माथा 15,000, औषध 8,000. बेरीज 3 लाख 42 हजार 400. तुम्ही ज्याला 1 लाख 85 हजारांचं काम समजत होता, ते हेच.

पहिल्याचा पत्रा 3,08,880. त्यात तीच पन्हळ आणि भिंतीचा माथा मिळवा: 3,46,980. आणि आई म्हणतात ते खरं आहे. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, श्रावणात पत्र्यावरच्या पावसात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणजे निदान घराच्या 720 फुटांना खालून छत हवं. फुटाला 60 रुपये धरले तरी 43,200. बेरीज 3 लाख 90 हजार 180. तिसऱ्याचे 3,75,000, त्यात पन्हळ आणि माथा मिळवून 4 लाख 13 हजार 100.

बघा. पत्रात तुम्ही दुपटीचा फरक सांगितला होता. एका यादीवर आले तर 3 लाख 42, 3 लाख 90 आणि 4 लाख 13. आणि पत्रा, जो स्वस्त म्हणून भाऊ सुचवतोय, तो माणसं राहतील असा करायचा तर दुरुस्तीपेक्षा महाग पडतोय.

पण इथेच थांबता येत नाही. जुन्या छपराच्या कामात राखीव पैसा लागतोच. नवा सांगाडा असेल तर दहा टक्क्यांत भागतं, कारण त्यात लपलेलं काही नसतं. जुनं लाकूड ठेवायचं असेल तर पंधरा टक्के धरा, कारण कौलं उतरल्याशिवाय वाशाच्या पाठीचं काय झालंय हे खालून कोणालाच दिसत नाही. 3,42,400 वर पंधरा टक्के 51,360, मिळून 3 लाख 93 हजार 760. तुमच्या चार लाखांत बसतं, उरलेल्या सहा हजारांत ताडपत्री येते. कर्ज काढू नका, गरज नाही.

राखीव पैसा लागेल की नाही, हे काम सुरू करायच्या आधीच बरंचसं कळू शकतं. सुताराला एक दिवसाची मजुरी द्या आणि तीन जागची कौलं उचलायला लावा: देवघरावरची, मागच्या वळचणीची एका कोपऱ्यातली, आणि आढ्याजवळची. वाशाची वरची बाजू आणि भिंतीत जाणारं टोक या दोन जागा बघायच्या. पटाशीचं टोक दाबलं आणि ते वरच्यावरच अडलं तर तो वासा ठेवायचा. पावात शिरावं तसं सहज आत गेलं तर तो बाद. आढं आणि तुळया यांनाही हीच परीक्षा. निम्म्याहून जास्त वासे बाद निघाले, किंवा आढंच पोखरलेलं निघालं, तर माझं मत बदलेल. मग जुनं ठेवण्यात अर्थ नाही, तिसऱ्या माणसाचा लोखंडी सांगाडा घ्या आणि पडवी एक वर्ष पुढे ढकलून पैसे जुळवा. फक्त समुद्र दीड किलोमीटरवर आहे हे लक्षात ठेवा. साधा काळा पाइप तिथल्या खाऱ्या वाऱ्यात जोडांपासून गंजायला लागतो. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, वेल्डिंगच्या जागी झिंकचा प्रायमर, आणि त्यावर रंगाचे दोन हात, हे सगळं त्याच्या लेखी भावात असायला हवं. ठोक सांगितलेल्या आकड्यात पाइप किती जाडीचा आणि एकूण किती किलो, हे लिहून घेतलं नाही तर जाडी हळूच कमी होते.

माकडांबद्दल भाऊ चुकीचं बोलत नाही. माकडांना कंटाळून कौलं काढून पत्रे घातलेली घरं आता गावोगाव दिसतात आणि मला त्यांचा राग येत नाही. कौलांच्या घराला दर वर्षी मे महिन्यात शाकारणीचा खर्च आहे: माणूस चढवायचा, फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची. तो वर्षाचा खर्च तुम्ही आणि भाऊ दोघांनी मिळून आधीच मान्य करायला हवा, आईच्या पेन्शनीतून तो जायला नको. छपरावर लोंबणारी फणसाची, आंब्याची फांदी असेल तर ती छाटा. माकडं तिथूनच उडी मारतात आणि एकाच जागची कौलं पुन्हा पुन्हा फुटतात. कडेच्या दोन ओळी जीआय तारेनं रीपेला बांधा. कौलाच्या पाठीला त्यासाठीच भोक दिलेलं असतं. त्यानं वाऱ्याचाही प्रश्न बराच सुटतो. एवढं करूनही रोज कळप येत असेल तर मागची न्हाणी आणि लाकडाची खोप यांना पत्रा घाला. आई-आत्या जिथे झोपतात तिथे मात्र कौलंच ठेवा.

आता वेळ. या भागात मी माझ्या घरचं सांगतो, कारण ते अजून मनातून गेलेलं नाही. 2021 साली राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराचं छप्पर काढलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उतरवायला घेतलं, मिस्त्रीनं 10 मेपर्यंत पुरं करून देतो म्हणून शब्द दिला होता. रीपा वेळेवर आल्या नाहीत, चार माणसं दुसऱ्या कामावर गेली. 16 मे रोजी तौक्ते वादळ आमच्या समोरून गेलं तेव्हा मागचं पाखं सगळं उघडं होतं. ताडपत्री रात्रीच फाटली. माझ्या चुलतीनं कणगीतलं भात परातीपरातीनं ओटीवर आणलं, तरी तळातलं भिजलंच. दुसऱ्या दिवशी ती त्या भाताला हात लावून बसली होती. कोंब आलेलं भात तुम्ही पाहिलं असेल. दुसऱ्यांची अंदाजपत्रकं करणाऱ्या माझ्याच घरात हे झालं, आणि त्या हिशेबात माझी रक्कम बरोबर होती, तारीख चुकली होती.

म्हणून तारखाही अंदाजपत्रकाचाच भाग धरा. भातकापणी संपेपर्यंत माणसं मिळत नाहीत. दिवाळीनंतर लाकूड आणि कौलं आणून घरी टाका. माल अंगणात पडल्याशिवाय एकही कौल उतरवू द्यायचं नाही. काम जानेवारीत सुरू करा आणि शिमग्याच्या आत कौलं चढायला हवीत, कारण पालखी निघाली की पंधरा दिवस कोणी कामावर येत नाही आणि यायलाही नको. मार्च-एप्रिल पन्हळीला आणि किरकोळ दुरुस्तीला राहतील.

पैसे देण्याची रीत. माल तुम्ही स्वतः घ्या, बिल तुमच्या नावावर. मजुरीच्या 1,85,000 मधले इसार म्हणून पंचवीस हजार, वासे-रीपा पूर्ण बसून ओळंबा-पातळी बघितल्यावर सत्तर, कौलं आणि कोने चढल्यावर सत्तर. राहिलेले वीस हजार जूनमधला पहिला मोठा पाऊस घरात उभं राहून बघितल्यावर. हे पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगा. चांगला सुतार याला नाही म्हणत नाही. आणि दिलेले पैसे दिले तेव्हाच वहीत तारीख घालून त्याची सही घ्या. तुम्ही डोंबिवलीत, काम गुहागरला, आई देवभोळी माणूस. मधल्या मधे "जरा पाच हजार द्या वहिनी" असं होतंच.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढून बघा, घर कोणाच्या नावावर आहे. काका-चुलत्यांची नावं असतील तर काम सुरू होण्याआधी त्यांना भेटा, छप्पर आम्ही आमच्या खर्चानं करतोय, हक्काचा प्रश्न त्यानं बदलत नाही, एवढं साध्या कागदावर लिहून सह्या घ्या. अर्धं छप्पर उतरल्यावर कोणी हरकत घेतली तर काम थांबतं, पाऊस थांबत नाही.

सुताराला सांगा, देवघरावरचं पाखं पहिल्या दिवशी उघड. सगळ्यात वाईट लाकूड तिथे आहे. तिथे काय निघतं त्यावरून राखीव एक्कावन्न हजारांतले किती लागतील ते पहिल्या संध्याकाळीच तुम्हाला फोनवर कळेल. त्या दिवसापुरता देव्हारा ओटीवर हलवा आणि आईंची खाट पुढच्या खोलीत. तेवढा भाग आधी पुरा करून कौलं घालून घ्या, मग बाकीच्या छपराला हात लावू द्या.